नवमीचा सौदा

अनुपमा शिरसाट विलेपार्ल्यातल्या त्या जुन्या इमारतीचा जिना चढून वर आली, तेव्हा नंदू सकपाळ टेबलफॅन दुरुस्त करत बसला होता. सकाळपर्यंत तो फॅन चालू होता, हे सांगायला हवं.

माणिक कोठारे खिडकीशी पेरू खात होते. विमा कंपनीत वीस वर्षं खोटे दावे पकडून झाल्यावर त्यांनी खाजगी तपासाचा धंदा काढला आणि नंदूला मदतनीस म्हणून ठेवलं. नंदू मदत करायचा, नाही असं नाही. फक्त कधी करेल याचा नेम नसायचा.

"परवा माझे बाबा राजीनाम्यावर सही करणार आहेत," अनुपमा उभ्याउभ्याच म्हणाली. "त्यांनी काहीही केलेलं नाही."

कोठाऱ्यांनी पेरू बाजूला ठेवला आणि तिला खुर्ची दिली.

तिचे वडील कुंडलिक शिरसाट मध्यवर्ती बँकेत, सरकारी कर्जरोख्यांच्या खात्यात अधिकारी होते. बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातून कंदिलाखाली अभ्यास करून ते तिथवर पोचले होते. आता त्यांच्यावर बँकेतली गुप्त बातमी फोडल्याचा आरोप होता. राजीनामा दिला तर प्रकरण गुपचूप मिटवू, नाही दिला तर पोलिसांत जाऊ, असं त्यांना वरून सांगण्यात आलं होतं. हे सांगताना अनुपमाने एकदाच पदर सावरला आणि ती पुढे बोलत राहिली.

"कसली बातमी?" नंदूने विचारलं.

"व्याज वाढल्याची. सरकारने नव्या कर्जरोख्यांवरचं व्याज एकदम वाढवलं ना, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीच्या संध्याकाळी."

नंदूने मान डोलावली. म्हणजे त्याला काही कळलं नव्हतं.

"नंदू, समज तुझ्याकडे सरकारचा जुना रोखा आहे," कोठारे म्हणाले. "शंभर रुपयांवर सरकार वर्षाला आठ रुपये देतं, आणखी वीस वर्षं देत राहणार. उद्या सरकारने नवा रोखा काढला आणि त्यावर दहा रुपये देऊ केले. तुझा जुना रोखा मी शंभराला घेईन का?"

"घेणार नाही. तुम्हीच काय, कोणीच घेणार नाही."

"म्हणजे तुझ्या रोख्याचा भाव पडला. पण ही बातमी येण्याआधी तू तो कुणा बिचाऱ्याच्या गळ्यात मारलास तर?"

"तर त्याची वाट लागली," नंदू म्हणाला, आणि या वेळी त्याला खरंच कळलं होतं.

तो बिचारा म्हणजे साकीनाक्याच्या उत्कर्ष स्प्रिंग्ज कारखान्यातल्या कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी. घाटकोपरच्या श्रमसाफल्य सहकारी बँकेने आपल्याकडचे लांब मुदतीचे सगळे जुने रोखे नवमीच्या सकाळी या निधीला पूर्ण भावाने विकले होते. त्याच संध्याकाळी व्याजवाढ जाहीर झाली. कामगारांनी ओरड केली, आणि बँकेला आधी कळलं कसं याची चौकशी लागली. श्रमसाफल्यचे मॅनेजर चंद्रप्रकाश लाड मुलुंडला शिरसाटांच्याच इमारतीत राहतात, असं कुणीतरी निनावी फोन करून कळवलं. चौकशी तिथेच थांबली.

"लाड काय म्हणतात?"

"ते म्हणतात, मी माझ्या अंदाजाने विकले. आणि मग हसतात." अनुपमाने हे असं सांगितलं की ते हसू दोघांनाही दिसलं. "त्यांच्या हसण्यामुळेच सगळ्यांना वाटतं की बाबांनी सांगितलं असणार. बाबा राखीव जागेवर लागलेले. त्यांच्याबद्दल असलं काही पटायला लोकांना वेळ लागत नाही."

कोठाऱ्यांनी नवमीची संध्याकाळ कशी गेली ते विचारलं. इमारतीच्या तळमजल्यावर सोसायटीचा टीव्ही होता आणि बातम्यांना सगळे तिथे जमत. त्या दिवशीही जमले होते. व्याज वाढणार का यावर महिनाभर पेपरांतून चर्चा चालली होती. मध्यवर्ती बँकेला वाढ हवी होती, दिल्लीला नको होती, कारण सगळ्यात मोठं कर्ज काढणारं सरकारच. लाड टीव्हीसमोर चहाचा कप घेऊन सगळ्यांना समजावत होते की कुठला मंत्री स्वतःच्याच कर्जाचं व्याज वाढवून घेईल, राजकारणापुढे बँकेचं काही चालत नाही. बाबा नेहमीप्रमाणे गप्प होते. मग बातमी आली.

"आणि लाड?"

"चहा तसाच ठेवून वर निघून गेले. कप मीच विसळला."

कोठाऱ्यांनी उरलेला पेरू संपवला. मग त्यांनी नंदूला फॅन सोडून चप्पल घालायला सांगितलं.

मुलुंडला कुंडलिक शिरसाट त्यांच्याशी फार बोलले नाहीत. नवा दर ठरवणारी माणसं मोजकी होती आणि त्यांत आपण नव्हतो, आपल्यालाही तो टीव्हीवरच कळला, एवढंच त्यांनी सांगितलं. पण हे सिद्ध कसं करायचं? माहीत नव्हतं याचा पुरावा कुठून आणायचा? त्यांनी राजीनामा लिहून ठेवला होता. मुलीला पोलिसांच्या दारात उभं राहावं लागू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. नंदूला तो माणूस आवडला आणि त्यामुळे त्याला लाडांचा अधिकच राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते साकीनाक्याला गेले. उत्कर्ष स्प्रिंग्जमध्ये इतका खडखडाट होता की हिशेबनीस धोंडिराम गुरव त्यांना मागच्या कँटीनमध्ये घेऊन गेले. निधीचे चिटणीसही तेच. बारीक अंगाचा, सतत रुमालाने मान पुसणारा माणूस.

आई आजारी म्हणून ते नवरात्रभर कणकवलीला होते. नवमीच्या पहाटे एसटीने परत आले आणि घरी सामान टाकून थेट घाटकोपरला बँकेत गेले. निधीचा पैसा सरकारी रोख्यांतच गुंतवायचा असा नियम आहे, आणि लाडसाहेबांकडे रोखे होते. सौद्याच्या चिठ्ठीवर सही केली, रोखे ताब्यात घेतले आणि निघाले. संध्याकाळी असं होईल हे कुणाला ठाऊक होतं?

"प्रवासाने दमला असाल. एक दिवस थांबायचं होतं," कोठारे म्हणाले.

गुरवांनी मान पुसली. "दुसऱ्या दिवशी दसरा. बँक बंद."

"आणि तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिवशी मी कारखान्यात हजर झालो. दुपारी." मग त्यांनी आपण होऊनच सांगितलं की मुलाला श्रमसाफल्यमध्ये नोकरी लागली आहे, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही. कोठाऱ्यांनी मुलाचं अभिनंदन केलं.

बाहेर पडल्यावर नंदू म्हणाला, "हा लबाड आहे."

"घाबरलेला आहे. दोन्ही असू शकतो."

श्रमसाफल्य बँक घाटकोपर स्टेशनपासून जवळच, एका दुमजली इमारतीत होती. परळ-लालबागच्या गिरण्यांत राबलेल्या कोकणातल्या लोकांनी ती काढलेली. चंद्रप्रकाश लाड मात्र फोर्टातल्या एका मोठ्या बँकेतून दोन वर्षांपूर्वी इथे आले होते. वरच्या मजल्यावर त्यांची केबिन होती आणि जिना उतरून ते सहसा खाली येत नसत.

त्यांनी दोघांना चहा पाजला आणि कोठाऱ्यांच्या प्रत्येक प्रश्नाचं हसून उत्तर दिलं. बाजाराचा वास यावा लागतो, ते म्हणाले. शिरसाटांबद्दल मी काही बोलणार नाही, शेजारी आहेत. ही 'काही बोलणार नाही'ची फोडणी त्यांनी तीनदा दिली.

"रोखे कुठे होते?" कोठाऱ्यांनी विचारलं.

"खाली मागच्या खोलीत, जुन्या तिजोरीत. रोजची रोकड स्ट्राँगरूममध्ये असते. ही तिजोरी फक्त रोख्यांसाठी. दोन किल्ल्या लागतात, एक माझी, एक कॅशियर परबबाईंची."

"म्हणजे तेव्हा बाई सोबत होत्या?"

"नाही. त्या दिवशी खांडेनवमी. लोकांनी खाली तिजोरीची पूजा केली होती, बाईंची किल्ली पूजेच्या ताटातच होती. पूजा आटोपून बाई काउंटरवर बसल्या. अर्ध्या तासाच्या आतच मी आणि गुरव मागे गेलो, ताटातली किल्ली घेतली, रोखे काढले, किल्ली परत ठेवली. पूजेच्या दिवशी लक्ष्मी बाहेर काढली म्हणून बाईंनी कटकट केली असती, म्हणून त्यांना सांगितलं नाही. झालं समाधान?"

कोठारे म्हणाले, झालं. नंदूचंही झालं होतं, कारण लाडांनी सगळं इतकं सरळ सांगितलं होतं की त्यात कुठे बोट घालावं हे त्याला दिसेना.

खाली शेवंती परबांनी त्यांना मागच्या खोलीत नेलं. खोलीला खिडकी नव्हती. भिंती घामेजल्यासारख्या ओल्या लागत. कोपऱ्यात पुरुषभर उंचीची काळी तिजोरी होती, वर सुकलेलं झेंडूचं तोरण, आणि दारावर हळदीचं मोठं स्वस्तिक. स्वस्तिकाचा एक हात जाडजूड पट्ट्याने दाराच्या कडेवरून बाजूच्या चौकटीवर गेला होता. बरोबर फटीवर तो पट्टा तुटला होता, बिस्किट मोडावं तसा, दोन्ही कडा स्वच्छ. खाली जमिनीवर दोन-चार पिवळ्या खपल्या पडल्या होत्या.

कोठाऱ्यांनी खाली वाकून एक खपली उचलली, पाहिली आणि परत ठेवली.

"पूजा मीच करतंय," शेवंतीबाई म्हणाल्या. "माझो बापूस गिरणीत होतो, थंय यंत्रांची करी. ही तिजोरी त्येंनीच वर्गणी काढून घेतलेली. हळद नि गंध पाण्यात दाट कालवायचा, नि दार-चौकट एक करून स्वस्तिक काढायचा. मगे हात लावूचो नाय. दसऱ्याक बँक बंद, म्हणान दुसऱ्या दिवशी पूजा उतरवतंय नि नारळ फोडतंय."

"हळद पुसत नाही?"

"देवाची ती. आपोआप जाईत तेव्हा जाईत."

पूजा उतरवली त्या दिवशी लाडसाहेब खोबरं घ्यायला आपण होऊन खाली आले होते, याचं मात्र त्यांना नवल वाटलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच. बाई खोबरं वाटायला बाहेर काउंटरवर गेल्या, साहेब थोडा वेळ मागेच थांबले. त्यानंतर तिजोरी उघडायचं कारणच पडलं नाही, कारण आत काही उरलंच नव्हतं. रोखे विकले गेल्याचं त्यांना नंतर कळलं.

"तुमका माझ्यावर संशय असा काय?" त्यांनी एकदम विचारलं. किल्ली आपली, त्यामुळे दोष आपल्यावर येईल ही भीती त्यांच्या तोंडावर स्पष्ट होती. कोठाऱ्यांनी सांगितलं की नाही, पण उद्या सकाळी थोडी हळद आणि गंध घेऊन या.

परत जाताना नंदूने आपला निष्कर्ष सांगितला. शिरसाट निर्दोष आहेत, पण त्यांच्या खात्यातल्या दुसऱ्या कुणीतरी लाडांना बातमी दिली. आता फक्त तो दुसरा शोधायचा.

"सगळे तेच शोधतायत," कोठारे म्हणाले. "आणि लाडांना तेच हवंय."

"म्हणजे?"

"अनुपमाने विसळलेला कप आठव."

नंदूला कप आठवला. पुढे काही आठवेना, आणि कोठाऱ्यांनी सांगितलं नाही. रात्रभर त्याला झोप नव्हती, आणि तिकडे मुलुंडलाही शिरसाटांच्या घरात कुणी झोपलं नव्हतं, हे त्याला नंतर अनुपमाकडून कळलं.

मध्यवर्ती बँकेच्या चौकशी अधिकारी क्षमा टिपणीस यांना घाटकोपरला आणणं सोपं नव्हतं. एक तास देते, त्या फोनवर म्हणाल्या होत्या, त्यानंतर राजीनामा स्वीकारला जाईल. त्या मागच्या खोलीत आल्या तेव्हा तिथे लाड होते, रुमाल हातात घेतलेले गुरव होते, शेवंतीबाई होत्या, आणि दाराशी कुंडलिक शिरसाट आणि अनुपमा उभे होते. शिरसाटांच्या खिशात लिफाफा होता.

कोठाऱ्यांनी आधी एक विचित्र काम केलं. तिजोरीच्या शेजारी लोखंडी कपाट होतं. त्याच्या दारावरून चौकटीपर्यंत त्यांनी शेवंतीबाईंना हळदीचा पट्टा ओढायला लावला, दरवर्षी ओढतात तसाच, तेवढाच जाड. मग ते खुर्चीवर बसले.

"बाई, तुम्ही बातमी कोणी फोडली ते शोधत आहात," ते टिपणीसबाईंना म्हणाले. "मी म्हणतो, बातमी फुटलीच नाही."

लाड हसले. "मग मी ज्योतिषी आहे म्हणायचं."

"तुम्ही ज्योतिषी असतात तर फार बरं झालं असतं. तुम्ही बँकेचा पैसा लांब मुदतीच्या जुन्या रोख्यांत घातला, कारण तुमची खात्री होती की दिल्ली व्याज वाढू देणार नाही. नवमीच्या संध्याकाळी, बातमीच्या क्षणापर्यंत, तुम्ही हेच टीव्हीसमोर सगळ्यांना सांगत होतात. ते नाटक होतं असं म्हणता येईल. पण बातमी लागल्यावर तुम्ही चहा टाकून उठलात. सकाळीच सगळे रोखे पूर्ण भावाने विकून मोकळा झालेला माणूस त्या बातमीने का घाबरेल? तो दुसरा कप मागेल."

"हा काय पुरावा झाला?"

"नाही. हा फक्त माझा संशय कसा सुरू झाला ते सांगतोय. व्याज वाढलं आणि तुमच्या बँकेला मोठा खड्डा पडला. दसऱ्याचा दिवस तुम्ही विचारात घालवला. तिसऱ्या दिवशी सकाळी गुरवांना इथे बोलावलंत, मुलाच्या नोकरीचं बोललात, आणि सौदा केलात. तारीख मात्र बातमीच्या आधीची हवी. अष्टमी का नाही घातली? कारण तेव्हा गुरव कणकवलीला होते आणि सगळ्या कारखान्याला ते माहीत होतं. उरली एकट्या नवमीची सकाळ."

टिपणीसबाईंनी पहिल्यांदाच पेन खाली ठेवलं. "मग ओरड होणार, हे यांना कळत नव्हतं?"

"कळत होतं. म्हणून तर निनावी फोन. इतक्या ऐन वेळी विकलं म्हटल्यावर लोक विचारणार, यांना सांगितलं कुणी? एकदा तो प्रश्न सुरू झाला की 'विकलं नक्की कधी' हा प्रश्न कुणी विचारत नाही. उत्तर द्यायला शेजारी शिरसाट होतेच."

खोलीत उकडत होतं. लाड अजून हसत होते, पण आता नुसत्या ओठांनी.

"साहेब, तुम्ही कथा छान सांगता. मी नवमीलाच या तिजोरीतून रोखे काढले. पूजेनंतर अर्ध्या तासात. गुरव साक्षीला आहेत."

"अर्ध्या तासात. काल तुम्ही हेच म्हणालात, नंदू ऐकत होता." कोठाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "आपलाही अर्धा तास होत आला. नंदू, ते कपाट उघड."

नंदूने कपाटाचं दार ओढलं. हळदीचा पट्टा फटीवर फाटला नाही, ताणला गेला. ओली हळद दाराबरोबर फरफटत आली, चौकटीवर बोटभर लांब पिवळा ओघळ उमटला आणि नंदूचा अंगठाही पिवळा झाला.

"आता ती तिजोरी बघा," कोठारे म्हणाले.

सगळ्यांनी पाहिलं. दोन आठवड्यांपूर्वीचं स्वस्तिक, फटीवर कोरडं मोडलेलं, ना डाग, ना ओघळ. खाली खपल्या.

"या खोलीत वारा नाही, हळद वाळायला बराच वेळ लागतो. हे दार पूजेनंतर अर्ध्या तासात उघडलं असतं तर त्याची अशी अवस्था झाली असती, या कपाटासारखी. ते उघडलं गेलं हळद पार वाळल्यावर. म्हणजे नवमीच्या सकाळी नाही. दसऱ्याला बँक बंद. ज्या दिवशी तुम्ही दोन वर्षांत पहिल्यांदा खोबरं खायला खाली आलात आणि मागे रेंगाळलात, त्या दिवशी. बाईंची किल्ली तेव्हा ताटातच होती, पूजा नुकती उतरली होती. पूजा झालेल्या तिजोरीला इथलं कुणी हात लावत नाही, लाडसाहेब. ही माणसं कशी वागतात ते तुम्हाला माहीत होतं, पण दार आणि चौकट जोडून ओली हळद लावतात, ते तुम्ही कधी खाली येऊन पाहिलं नाही. नाहीतर तुम्ही अर्ध्या तासाची गोष्ट रचली नसती."

लाड काहीतरी बोलणार होते. त्यांच्या आधी गुरव बोलले.

"तिसऱ्या दिवशीच," ते म्हणाले. रुमाल त्यांनी तोंडावर धरला होता. "सकाळी बोलावलं मला. मागच्या दाराने. भाव पडलाय हे मला माहीत होतं. आमच्याच लोकांचा पैसा होता तो. मला माहीत होतं."

लाडांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते खाली बसले आणि पाणी मागितलं. शेवंतीबाईंनी ते आणून दिलं, पण हातात दिलं नाही, टेबलावर ठेवलं.

टिपणीसबाईंनी पुढची व्यवस्था भराभर सांगितली. सौदा रद्द होईल, कामगारांचा पैसा निधीत परत जाईल, दोघांना इथेच थांबावं लागेल. मग त्या शिरसाटांकडे वळल्या. त्यांचा आवाज जरा खाली आला होता.

"शिरसाट, झालं ते वाईट झालं. आठवडाभर विश्रांती घ्या, मग कामावर या."

कुंडलिक शिरसाटांनी खिशातला लिफाफा काढला आणि न फाडता अनुपमाच्या हातात दिला.

"बाई, तुम्ही मला आठ वेळा बोलावलंत," ते म्हणाले. "प्रत्येक वेळी विचारलंत, लाडांना कधी सांगितलं, कुठे सांगितलं, किती पैसे घेतले. लाडांना एकदा तरी विचारलंत का, की रोखे कधी विकले?"

क्षमा टिपणीस यांनी पेन उचलून पर्समध्ये ठेवलं.

"विश्रांती नको," शिरसाट म्हणाले. "मी आजच येतो. जेवणाच्या सुट्टीच्या आत पोचतो, सगळे जागेवर असतात तेव्हा."

आणि ते खरंच निघाले. अनुपमा त्यांच्याबरोबर फोर्टातल्या मध्यवर्ती बँकेपर्यंत गेली आणि वडील त्यांच्या टेबलाशी जाऊन बसेपर्यंत दारात उभी राहिली.